वाचकांचे प्रश्न : पुढाकार शिकवता येतो का?

लहान व्यावसायिकांच्या प्रशिक्षणाविषयी गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात उत्तरासाठी घेतली आहेत. पाचही पत्रे नागपूर शहर आणि परिसरातून आलेली आहेत. कोणी सांगण्याची किंवा मागण्याची वाट न पाहता धंद्यात स्वतःहून पाऊल उचलण्याची सवय माणसाला लावता येते का, हाच प्रश्न पाचही जणांनी आपापल्या परीने विचारला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढील उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आमच्या भागातील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने गेल्या वर्षी चाळीस दुकानदारांसाठी तीन दिवसांचे शिबिर घेतले. हिशेब कसा ठेवावा, जीएसटीचे विवरणपत्र कसे भरावे, मालाची नोंद कशी करावी, कर्जासाठी बँकेला कोणती कागदपत्रे लागतात, ही माहिती तज्ज्ञांनी चांगली समजावून सांगितली. सहा महिन्यांनी आम्ही दुकानांत फिरलो, तेव्हा काही जणांच्या वह्या नीट झालेल्या दिसल्या. बाकी माल तोच, गिऱ्हाईक तेच आणि विक्रीही तेवढीच. पुढाकार हा मुळात स्वभाव असतो, तो शिकवून येत नाही, असे आमच्या अध्यक्षांचे मत झाले आहे. ते बरोबर आहे का? शिबिर पुन्हा घ्यावे का?
– एक वाचक, गांधीबाग

उत्तर : शिबिर अवश्य घ्यावे, मात्र तेच शिबिर तसेच पुन्हा घेऊ नये. आपल्या अध्यक्षांना आलेला अनुभव खरा आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. आपण चाळीस जणांना हिशेब शिकविला आणि सहा महिन्यांनी हिशेबच थोडा सुधारलेला दिसला. जे पेरलेच नव्हते ते उगवले नाही, तर त्यात दुकानदारांच्या स्वभावाचा दोष कोठे येतो?

या प्रश्नाची माझ्या माहितीतील सर्वांत नेटकी तपासणी पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहानशा देशात झाली. राजधानी लोमे येथील १,५०० लहान व्यावसायिक निवडून, सोडत काढावी त्याप्रमाणे, त्यांचे प्रत्येकी ५०० जणांचे तीन गट करण्यात आले. उत्पादन, व्यापार आणि सेवा या तिन्ही प्रकारचे धंदे त्यांत होते. एका गटाला काहीच प्रशिक्षण दिले नाही. दुसऱ्या गटाला आपण दिले तसेच, म्हणजे हिशेब, पैशाचे नियोजन, विक्री आणि नोकरमाणसे सांभाळणे यांचे रूढ शिक्षण दिले. तिसऱ्या गटाला मिखाएल फ्रेझे या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेले पुढाकाराचे प्रशिक्षण दिले. २०१४ मध्ये झालेल्या या दोन्ही प्रशिक्षणांचे वर्ग ३६ तासांचे होते, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या दिवसांत विभागून चार आठवडे चालले आणि त्यानंतर चार महिने, महिन्यातून एकदा, प्रशिक्षक प्रत्येकाच्या धंद्याच्या जागी जाऊन बसले. पुढे दोन वर्षांहून अधिक काळ या सर्वांची वारंवार पाहणी झाली आणि २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा, काहीच प्रशिक्षण न मिळालेल्यांच्या तुलनेत, ३० टक्क्यांनी वाढला होता. रूढ प्रशिक्षण घेतलेल्यांची वाढ ११ टक्के भरली, आणि तीही योगायोगाने दिसली नसेल अशी खात्री देता येण्याजोगी नव्हती. तास सारखे होते, भेटी सारख्या होत्या. वेगळे होते ते केवळ शिकविलेले.

मग त्या तिसऱ्या गटाला शिकविले तरी काय? फ्रेझे यांच्या मांडणीत पुढाकाराची तीन अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे स्वतःहून सुरुवात करणे, आणि तीही शेजारच्या दुकानात चालते त्याहून काहीतरी वेगळे करण्याची. दुसरे अंग म्हणजे पुढचे पाहणे : उद्या येणारी संधी आणि उद्या येणारी अडचण या दोहोंची आजच दखल घेणे. तिसरे अंग चिकाटीचे : पहिल्या प्रयत्नात अपयश आले तर कारण शोधून दुसऱ्या वाटेने पुन्हा जाणे. यांतील एकही गोष्ट फळ्यावर लिहून समजत नाही. म्हणून त्या वर्गांत व्याख्याने कमी आणि सराव अधिक होता. प्रत्येकाने आपल्याच धंद्यासाठी उद्दिष्ट ठरवायचे, ते गाठण्याचे टप्पे लिहायचे, टप्पा चुकतो आहे हे कशावरून कळेल ते आधीच ठरवायचे, आणि पुढच्या वर्गाला येण्यापूर्वी त्यांतील काहीतरी प्रत्यक्ष करून यायचे.

हे सर्व वाचून ‘आफ्रिकेतील गोष्ट नागपुरात कशी चालेल’ अशी शंका आपल्या सभासदांना येईल. मला तर उलट वाटते. आपल्या शहरातील धंद्याला वर्षाचे जेवढे ठरलेले वेळापत्रक आहे, तेवढे फार थोड्या शहरांना असेल. मार्च संपता संपता ऊन चढते आणि कूलरवाल्याची आठवण होते. श्रावण संपताना पोळा येतो, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि तान्हा पोळा असतो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंच्या संख्येने लोक येतात. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते आणि सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत झेरॉक्सवाल्यांपासून खानावळीपर्यंत सर्वांना गर्दी होते. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास आणि मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येतो. हे सारे पंचांग आमच्या दुकानदाराला तोंडपाठ असते. तरीही माल भरण्यासाठी तो गर्दीच्याच आठवड्यात धावतो, कारण शेजारीही तेव्हाच धावतो. माहिती आहे आणि कृती नाही, या दोहोंमधल्या जागेत प्रशिक्षणाने काम करायचे आहे.

एक उदाहरण सांगते. मानेवाडा भागात कूलर, पंप आणि मोटर दुरुस्तीचे लहान दुकान असलेले एक गृहस्थ आमच्या वर्गाला येत. एप्रिल-मे महिन्यांत त्यांना जेवायला सवड नसे आणि पाऊस सुरू झाला की गल्ला रिकामा असे. आपला धंदाच असा आहे, हे त्यांचे ठाम मत होते. वर्गातील पहिले काम म्हणून आम्ही त्यांना पाच जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन, काहीही विकण्याचा प्रयत्न न करता, त्यांची अडचण विचारून यायला सांगितले. पाचांपैकी चौघांनी दुरुस्तीबद्दल तक्रार केलीच नाही. पहिली उन्हाची लाट आली की आठ-आठ दिवस कारागीरच मिळत नाही आणि घरातील म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, हे त्यांचे दुखणे होते. त्या दिवसापासून या गृहस्थांनी बिलाच्या स्थळप्रतीवर गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक लिहायला सुरुवात केली. इतकी वर्षे त्यांच्याकडे गिऱ्हाइकांची यादीच नव्हती. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी सर्वांना फोन करून, आत्ताच कूलर तयार करून घेतल्यास मजुरी कमी घेईन, असे कळविले. जेमतेम दहा-बारा जण तयार झाले. हा नाद सोडावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

नेमक्या त्याच आठवड्यात प्रशिक्षक त्यांच्या दुकानात जाऊन बसले, हे त्यांचे आणि आमचे भाग्य. नाही म्हणणाऱ्यांनी कारण काय दिले, एवढेच प्रशिक्षकांनी विचारले. बहुतेकांनी सांगितले होते की अजून गारवा आहे, कूलर माळ्यावरून खाली काढलेलाच नाही. म्हणजे कल्पना खोटी नव्हती, वेळ चुकली होती. कूलर हातात येतो तो जुलैत, खिडकीतून उतरवून ठेवताना. त्या वर्षी जुलैत त्यांनी गिऱ्हाइकांकडे जाऊन कूलर उतरवून देणे, टाकी घासून गंज काढणे, मोटर तपासणे आणि होळीनंतर ताट्या बदलून तो परत बसवून देणे, असे दोन फेऱ्यांचे एकच काम ठरवून घेतले. अर्धे पैसे पावसाळ्यात आणि अर्धे मार्चमध्ये मिळू लागले. जुलै-ऑगस्ट हे त्यांचे रिकामे महिने राहिले नाहीत. हा माणूस मुळात पुढाकार घेणारा होता असे त्याला ओळखणारा कोणीही म्हणाला नसता.

या उदाहरणातील दुकानातली भेट काढून टाकली तर काय उरते, याचा आपल्या संघटनेने विचार करावा. मी स्वतः सुरुवातीची अनेक वर्षे शिबिराच्या शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटून घरी जात असे आणि त्यानंतर माणसे कोठे अडली हे मला कधी कळलेच नाही. त्या काळातील शिबिरार्थींचे मी नुकसान केले, असे मला आज वाटते. वर्गात सुचलेली गोष्ट दुकानात गेल्यावर पहिल्या नकाराला मरते, आणि त्या वेळी शेजारी कोणी नसेल तर ती पुन्हा उभी राहत नाही.

आपल्यासाठी माझी सूचना अशी आहे. चाळीसऐवजी वीसच जण घ्या. सलग तीन दिवस दुकान बंद ठेवायला लावू नका. गिऱ्हाईक कमी असते अशा वेळी दोन-तीन तासांचे वर्ग चार आठवडे घ्या. प्रत्येक वर्गानंतर एक काम द्या आणि पुढचा वर्ग त्या कामाच्या हकिगतीनेच सुरू करा. ज्याने काम केले नाही त्याला रागावू नका, पण काय आड आले ते सर्वांसमोर सांगायला लावा, कारण ते ऐकून इतर पाच जणांना आपला अडथळा सापडतो. त्यानंतर चार महिने दुकानांत जा. याला खर्च येतो. टोगोमध्ये माणशी सुमारे ७५० डॉलर खर्च झाला होता आणि आपल्या संघटनेला तो झेपणारा नाही, हे मी जाणते. परंतु भेटीसाठी दर वेळी पगारी तज्ज्ञच हवा असे नाही. ज्याने असा एखादा प्रयोग स्वतः करून पाहिला आहे, अशा दुसऱ्या भागातील दुकानदाराला तयार करून पाठविता येईल. त्याच गल्लीतील नको, कारण प्रतिस्पर्ध्यासमोर कोणी मन मोकळे करत नाही.

हिशेबाचे शिक्षण वाया जाते, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये. नव्या मालावर पैसे सुटतात की बुडतात, हे रोजमेळ ठेवल्यावाचून कळणार नाही. डॉमिनिकन प्रजासत्ताकात लहान व्यावसायिकांना संपूर्ण हिशेबशास्त्र शिकविण्याऐवजी, घराचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळ्या ठिकाणी ठेवा, अशा मोजक्या व्यवहारी नियमांचे शिक्षण दिले, तेव्हा त्याचा उपयोग अधिक झाला. आपणही हिशेबाला अर्धा दिवस द्या, दोन गल्ल्यांचा नियम पक्का करून घ्या आणि पुढे चला.

प्रश्न : मी आणि बचत गटातील तिघी जणी मिळून पापड, कुरड्या, शेवया आणि वड्या करतो. ओळखीच्या घरून मागणी आली की करतो, नाही आली की बसून राहतो. दुकानात जाऊन माल दाखवायला माझे मन धजत नाही. कोणी नको म्हटले तर आठवडाभर ते मनाला लागून राहते. आलेले काम करा, पुरे आहे, असे घरी म्हणतात. अशा प्रशिक्षणाचा माझ्यासारखीला उपयोग होईल का?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : ताई, उपयोग होईल, आणि कदाचित पुरुष दुकानदारांपेक्षा आपल्याला अधिक होईल. वर उल्लेख केलेल्या टोगोमधील प्रयोगात निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया होत्या. पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांचा नफा ४० टक्क्यांनी वाढला. रूढ प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांचा अवघा ५ टक्क्यांनी. पापड कसा लाटावा हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही आणि वहीही आपण ठेवत असालच. अडते ते उंबरठ्यावर, आणि रूढ प्रशिक्षण उंबरठ्याविषयी काहीच बोलत नाही.

आपण एकट्या येऊ नका, एवढा माझा आग्रह आहे. अहमदाबादेतील ‘सेवा’ बँकेच्या स्त्री-ग्राहकांसाठी दोन दिवसांचे व्यवसाय-मार्गदर्शन घेतले गेले, तेव्हा काही जणींना एकटीला आणि काही जणींना मैत्रिणीसह बोलाविले होते. शिकविलेले सारखेच होते. ज्या मैत्रिणीसह आल्या त्यांनीच पुढे धंद्यासाठी कर्ज घेण्याचे धाडस अधिक केले आणि काही महिन्यांनी त्यांच्या घरची मिळकतही वाढलेली आढळली. स्त्रियांच्या वावरावर बंधने जास्त असलेल्या समाजांतील स्त्रियांमध्ये हा परिणाम अधिक ठळक होता. आपल्या गटात आपण चौघी आहात, हे आपले भांडवल आहे.

नकार मनाला लागतो, तो चुकीच्या गोष्टीची मोजणी केल्यामुळे. ‘या महिन्यात पाच दुकानांची मागणी मिळवीन’ असे ठरविले, तर ते दुकानदारांच्या हातात आहे आणि पहिल्या नकारालाच आपण हरता. त्याऐवजी ‘दोघी मिळून दहा दुकानांत जाऊ आणि प्रत्येक ठिकाणचे उत्तर लिहून आणू’ असे ठरवा. हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. दहांपैकी नऊ नकार आले तरी काम पूर्ण झालेले असते आणि नऊ कारणे वहीत आलेली असतात. पाकीट फार मोठे आहे, वर तारीख नाही, उधारीवर द्याल का, आमच्याकडे आधीच दुसऱ्या जणी देतात, अशी ती कारणे असतील. त्यांतील पहिली दोन आठ दिवसांत दूर होतात. तिसऱ्याला होकार देण्याची घाई करू नका. डाळीचे पैसे रोख मोजून पापडाचे पैसे दोन महिन्यांनी घेणे चौघींच्या गटाला पेलत नाही. चौथे कारण मात्र नकार नसून बातमी आहे : त्या दुकानात पापड खपतो, हे आपल्याला कळले.

घरच्यांना पटविण्यासाठी वाद घालण्याचा उपयोग होत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. आम्ही शेवटच्या वर्गाला घरातील एका माणसाला बोलावतो आणि त्या दिवशी प्रत्येकीने आपली वही वाचून दाखवायची असते. त्या वहीतील दहा दुकानांची नावे ऐकताना घरच्या माणसाचा चेहरा बदलतो. वर्गाची वेळ दुपारी एक ते चार अशी असेल तरच या, नाहीतर संयोजकांना ती बदलायला सांगा. संध्याकाळी पाचला स्त्रियांसाठी वर्ग ठेवणाऱ्यांनी स्वयंपाकाचा विचार केलेला नसतो.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझे लहान फॅब्रिकेशन युनिट असून नऊ कामगार आहेत. जवळजवळ सर्व काम एकाच मोठ्या कारखान्याचे आहे. ड्रॉइंग त्यांचे, पत्रा त्यांचा आणि दरही त्यांचाच; बिलाचे पैसे मात्र तीन-तीन महिन्यांनी मिळतात. माझ्यासारख्याने पुढाकार घ्यावा म्हणजे नेमके काय करावे? हातात काही असेल तर पुढाकार!
– एक वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यात शास्त्रीय तथ्य आहे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर फ्रेझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथील नोकरदारांचा अभ्यास केला, तेव्हा पश्चिमेतील नोकरदारांच्या मानाने त्यांच्या कामात पुढाकार कमी आढळला. त्याचे कारण त्यांना माणसांच्या स्वभावात सापडले नाही. ज्या कामात स्वतः ठरविण्यासारखे काही नसते आणि डोके लावण्याचीही गरज नसते, तेथे पुढाकार आटतो, असे त्यांना दिसले. आपली स्थिती त्यांच्याहून फार वेगळी नाही, आणि म्हणून आपल्याला ‘हिंमत करा’ असा उपदेश करणे अन्यायाचे होईल.

थकलेल्या बिलांबाबत कायदा आपल्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर ती १५ दिवसांचीच असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी आपण केली नसेल तर ती या आठवड्यातच करा. तिला शुल्क नाही. परंतु एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध, थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे तक्रार नेणे किती कठीण आहे, हे मला कळते. हक्क वापरता यावा यासाठीही दुसरे गिऱ्हाईक असावे लागते.

तेव्हा आपल्या हातात काय आहे, याची यादी करू या. आपल्याकडे यंत्रे आहेत आणि ती आठवड्यात काही तास रिकामी असतात. ते तास आजवर मोजले नसतील तर एक महिना मोजा. नऊ जणांपैकी एखाद्याचा हात वेल्डिंगला असा असेल की त्याचे काम परत येत नाही. आणि त्या कारखान्याच्या ड्रॉइंगमध्ये कोठे पत्रा वाया जातो, हे तेथील अभियंत्यांपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असते. ही शेवटची गोष्ट लेखी स्वरूपात त्यांच्या खरेदी विभागाकडे न्या. सूचना मान्य झाली तर आपण ‘सांगितलेले करणारे’ राहत नाही, आणि अमान्य झाली तरी दुसऱ्या कारखान्याच्या दारात दाखवायला आपल्याकडे एक नमुना तयार होतो. दुसरे गिऱ्हाईक शोधण्यासाठी आठवड्यातील एक अर्धा दिवस, उदाहरणार्थ गुरुवारची दुपार, कायमची राखून ठेवा आणि त्या वेळी युनिटमध्ये बसूच नका. बुटीबोरीला जा, कळमेश्वरला जा. दूध संकलन केंद्रे, शाळा आणि शेती अवजारांची दुकाने यांना लोखंडी कामात काय लागते ते विचारा. पहिल्या दोन महिन्यांत बहुधा काही मिळणार नाही. काम भरपूर असताना हा शोध सुरू करायचा असतो, कारण काम तुटल्यावर पडेल तो दर घ्यावा लागतो.

आणखी एक विनंती आहे. आपल्याला ड्रॉइंग हातात देणारा कारखाना आपला पुढाकार आटवितो, तसे आपल्या नऊ जणांचे आपल्याकडून होत नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न : मी तान्हा पोळ्यासाठी लाकडी नंदी बनवितो. दोन वर्षांपूर्वी मी नंदीची झूल आणि शिंगे नव्या पद्धतीने रंगविली, माल हातोहात गेला. पुढच्या वर्षी ओळीतील सर्वांनी तेच केले आणि भाव पडला. मग पुढाकार घेऊन काय मिळाले?
– एक वाचक, महाल

उत्तर : आपल्याला एक हंगाम मिळाला. नक्कल थांबविण्याचा कोणताही उपाय माझ्याकडे नाही आणि तसा उपाय विकणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. रंग बाहेरून दिसतो, म्हणून तो उचलता येतो. गिऱ्हाइकांची वही बाहेरून दिसत नाही. कोणत्या घरी किती वर्षांचे मूल आहे, गेल्या वर्षी त्याने केवढा नंदी नेला, त्याच्या धाकट्या भावाला यंदा पहिला नंदी लागणार आहे का, कोणत्या शाळेत आणि कोणत्या वस्तीत तान्हा पोळ्याची स्पर्धा भरते आणि तेथे ठरविणारे कोण, या गोष्टी ज्याच्याकडे लिहिलेल्या असतील त्याचे गिऱ्हाईक नुसत्या रंगासाठी शेजारी जाणार नाही. मोठे नंदी पुढच्या वर्षीही वापरले जातात. चाक निघाले, शिंग मोडले, रंग उडाला तर दुरुस्ती करून देईन, असे विकतानाच सांगा आणि पोळ्याच्या महिनाभर आधी त्या घरी स्वतः जा. पुढच्या नमुन्याचा विचार पोळा झाल्यावर लगेच, हाताला उसंत असते तेव्हा करा. नमुना शेवटच्या पंधरवड्यापर्यंत दुकानाबाहेर मांडू नका, एवढी सावधगिरी पुरे.

प्रश्न : इतवारीत आमचे हार्डवेअरचे जुने दुकान आहे. मला नवा माल ठेवायचा आहे. पुढाकार वगैरे म्हणजे कर्ज काढून दुकान बुडविण्याचे धंदे आहेत, असे बाबांचे म्हणणे आहे. ते जुन्या वळणाचे आहेत. त्यांना कसे समजवावे?
– एक वाचक, इतवारी

उत्तर : बाबांची भीती निराधार नाही. टोगोमध्येही पुढाकाराचे प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा अधिक कर्ज घेतले आणि धंद्यात अधिक पैसा घातला. त्यांचा नफा सरासरीने वाढला, पण सरासरीत बुडालेलेही असतात. जुन्या वळणाचे असण्याचा मात्र येथे संबंध नाही. १९६४ मध्ये आंध्रातील काकीनाड्याच्या व्यावसायिकांना हैदराबादेत बोलावून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या पद्धतीने प्रेरणा-प्रशिक्षण देण्यात आले होते. परंपरेवरील श्रद्धा त्या व्यावसायिकांच्या आड आलेली दिसली नाही. तेव्हा बाबांना बदलण्याचे काम अंगावर घेऊ नका.

कर्जाचा विषय यंदा काढूच नका. दुकानातील एकच चार फुटांची मांडणी तीन महिन्यांसाठी मागून घ्या. त्यावर कोणता नवा माल ठेवायचा, हे ठरविण्यापूर्वी पंधरा दिवस गल्ल्याजवळ वही ठेवून, गिऱ्हाइकांनी मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू लिहा, बाबांनीही लिहावी. सर्वांत जास्त वेळा मागितलेल्या दोन-तीन वस्तू आणा. पूर्ण बुडाली तरी दुकानाला धक्का लागणार नाही अशी रक्कम दोघांनी मिळून आधी ठरवा, ती आणि तीन महिन्यांनंतरची तारीख एका कागदावर लिहा, खाली दोघांच्या सह्या करा आणि तो कागद बाबांच्याच गल्ल्यात ठेवा. त्या तारखेला मांडणीवरील विक्री आणि शिल्लक माल मोजण्याचे काम आपण करू नका, बाबांना करू द्या.